इतिहासाच्या तासाला कलेची जोड



पाथर्डी ही शिक्षणाची जुनी पेठ आहे. आचार्य सम्राट पूज्य श्री आनंदऋषीजी महाराज याच तालुक्यातील चिचोंडीचे. त्यांच्या प्रेरणेने 1923 साली येथे श्री तिलोक जैन विद्यालयाचे बीज रोवले गेले आणि 1936 साली धार्मिक परीक्षा बोर्ड उभे राहिले. अशा गावात, सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, शिक्षणातील एका दुर्लक्षित प्रश्नाचा विचार व्हावा हे औचित्यपूर्ण आहे. तो प्रश्न इतिहासाच्या तासाचा आहे.

औरंगजेब कोठे वारला, असे नववीच्या विद्यार्थ्याला विचारले तर तो नगर हे उत्तर क्षणात देतो. सालही 1707 असे अचूक सांगतो. परंतु ते ठिकाण नगरला लागून असलेले भिंगार आहे आणि पाथर्डीची एस. टी. रोज त्याच्या जवळून जाते, हे त्याच्या ध्यानी नसते. उत्तर बरोबर असते, पूर्ण गुण मिळतात, आणि मार्च महिना संपला की औरंगजेब, भिंगार व 1707 ही तिन्ही नावे वहीबरोबर रद्दीत जातात.

यासाठी पाठांतराला नावे ठेवण्याची हल्ली रीत पडली आहे. या सभेत तरी ते शोभणार नाही. आगमांची वाणी वलभीच्या वाचनेपर्यंत जवळजवळ हजार वर्षे मुखोद्गत परंपरेने टिकली. पण त्या पाठांतराला चाल होती, स्वर होता, अर्थ उलगडणारे गुरू समोर होते. ज्या पाठांतरामागे काहीच पाहिलेले, ऐकलेले, हाताळलेले नसते, ते टिकत नाही. चित्र, माती, गाणे आणि नाटक ही साधने इतिहासाच्या तासाला हवीत ती यासाठी. तासाची करमणूक करणे हा त्यांचा हेतू नव्हे.

प्रथम चित्रकलेचा विचार करू. पाथर्डीहून तिसगाव, करंजीमार्गे नगरला जाताना नगर जवळ आले की डोंगरमाथ्यावर एक मनोऱ्यासारखी दगडी वास्तू दिसते. सारा जिल्हा तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतो. सहलीला गेलेली मुले तेथे धावतात, वर चढतात, डबे खातात आणि 'चांदबिबीचा महाल पाहिला' असा निबंध लिहितात. आता याच सहलीत प्रत्येकाच्या हाती एक कोरा कागद व पेन्सिल द्यावी आणि एवढेच सांगावे की, या वास्तूचे चित्र काढा. चित्र काढणाऱ्याला पाहावेच लागते. बाजू किती, हे मोजावे लागते. त्या आठ भरतात. मजले तीन. भोवती कमानींचा फेरा. मग एखादी मुलगी विचारते की, येथे स्वयंपाकघर कोठे होते? राणी राहात होती तर तिचे दालन कोणते? खाली तळघरात उतरले की तेथे कबरी आढळतात, आणि कोणी न सांगता मुलांना कळते की हा महाल नसून थडगे आहे. ते मुर्तझा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याचे. चांदबिबीने मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढवला तो 1595-96 मध्ये. सलाबतखान त्याआधीच कालवश झाला होता.

येथे थांबून चालत नाही, कारण खरा इतिहास यापुढे सुरू होतो. थडगे सलाबतखानाचे, तर लोकांनी नाव चांदबिबीचे का ठेवले? वजीर कितीही कर्तबगार असला तरी लोकांच्या मनात घर केले ते तटावर उभ्या राहिलेल्या स्त्रीने. वास्तूचे नाव चुकीचे आहे, परंतु त्या चुकीतून लोकांनी कोणाला लक्षात ठेवले हे कळते. हे दोन्ही एकाच वेळी समजणे म्हणजे इतिहास समजणे. पाठ्यपुस्तकातील चार ओळींनी हे साधत नाही. दीड तास पेन्सिल चालवल्याने साधते. चित्र सुबक आले पाहिजे असा आग्रह मात्र चित्रकलेच्या शिक्षकांनी त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा.

चित्रसुद्धा खोटे बोलू शकते, किंवा बोलता बोलता गप्प केले जाऊ शकते, हेही मोठ्या मुलांना दाखवावे. निजामशाहीतील 'तारीफ-इ-हुसेनशाही' ही सचित्र हस्तलिखित पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. हुसेन निजामशहाची स्तुती हा तिचा विषय. तिच्यातील चित्रांत राजाशेजारी त्याची राणी खुंझा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई, रंगवलेली होती. पुढे मुलाने तिला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकले, आणि चित्रांतील तिची आकृती पुसली गेली. पुसलेल्या जागेचा डाग मात्र राहिला. तो डाग हाच पुरावा. अशी एक प्रतिमा फळ्यावर लावून 'येथे कोण बसले असेल?' असे विचारावे; वर्ग पूर्ण तासभर बोलत राहील.

मातीचे काम तर खेड्यातील मुलांना शिकवावे लागतच नाही. पोळ्याला घरोघरी मातीचे बैल होतात. याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे 1974 साली धातूच्या चार भरीव वस्तू सापडल्या. बैलजोडी जुंपलेला आणि उभा सारथी असलेला रथ, तसेच हत्ती, गेंडा आणि म्हैस. काही हजार वर्षांपूर्वीचा हा ठेवा आज भारतीय पुरातत्त्वाच्या प्रत्येक मोठ्या ग्रंथात आहे. पोळ्याचा बैल करणाऱ्या मुलाला दायमाबादचा रथ मातीत करायला सांगितले की, बैलांच्या मानेवर जू कसे बसवले आहे याची तो आपल्या घरच्या जुवाशी तुलना करतो. आणि गेंडा करताना अडतो, कारण त्याने गेंडा पाहिलेला नाही. मग त्या काळच्या कारागिराने तो कोठे पाहिला? प्रवरेकाठी तेव्हा गेंडे होते काय, की कल्पना दुरून आली? विद्वानांनी विचारलेला प्रश्न सातवीतील मुलाच्या तोंडून निघतो. दिवाळीतील किल्ल्याचेही तसेच. त्यावर प्लॅस्टिकचे मावळे मांडण्याआधी पाणी कोठे साठणार, दरवाजा समोरून का दिसत नाही, एवढे दोन प्रश्न सोडवायला लावले तरी पुरे.

आता गाण्याकडे वळू. खर्डा आपल्याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात. 1795 साली मराठे आणि निजाम यांची तेथे लढाई झाली. त्या काळचा नामवंत शाहीर अनंत फंदी संगमनेरचा. म्हणजे रणभूमीही जिल्ह्यातील आणि शाहीरही जिल्ह्यातील. शाहिरांच्या मुखी असलेले असे पोवाडे शंकर तुकाराम शाळिग्राम व ॲकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने मिळून गोळा केले आणि 1891 साली ग्रंथरूपाने छापले. ते झाले नसते तर पुष्कळसा ठेवा डफाबरोबरच विरला असता. वर्गात पोवाडा डफावर म्हटला गेला की पानिपत, खर्डा, सिंहगड ही नावे रक्तात उतरतात, याविषयी वाद नाही.

वाद पुढे आहे. पोवाडा ऐकून उचंबळलेल्या मुलाला त्याच आठवड्यात अस्सल कागदही दाखवला गेला पाहिजे. तानाजी मालुसरे 1670 च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर धारातीर्थी पडले. त्यांच्या बलिदानावरून गडाला 'सिंहगड' नाव मिळाले अशी सार्वत्रिक समजूत आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीने ती घरोघर नेली. परंतु शिवाजी महाराजांच्या 1663 च्या पत्रात सिंहगड हे नाव आधीच आलेले आहे. याने तानाजींचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. मात्र कादंबरी काय करते, शाहीर काय करतो आणि पत्र काय सांगते, या तीन गोष्टी विद्यार्थ्याला वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. ज्या शाळेत पोवाडा होतो आणि पत्र होत नाही, तेथे इतिहासाच्या नावाने केवळ भावना वाढीस लागते. तिचा उपयोग पुढे कोण कसा करील, हे सांगता येत नाही.

स्थानकवासी परंपरेत मूर्तिपूजा नसल्याने आपल्याकडे कला नव्हती, असा एक गैरसमज आपल्याच घरांत आढळतो. आपल्याकडील कला अक्षरांत आणि सुरांत राहिली. ज्यांचे नाव येथील विद्यालयाला आहे ते पूज्य श्री तिलोकऋषीजी महाराज एकोणिसाव्या शतकातील कवी. त्यांनी असंख्य पदे रचली आणि चित्रकाव्ये लिहिली. 'ज्ञानकुंजर' या रचनेत अक्षरांच्या ओळींतूनच हत्तीची आकृती साकार होते. अक्षरलेखन इतके सूक्ष्म की पाहणाऱ्याने भिंगच हाती घ्यावे. विद्यार्थी ही रचना केवळ नमस्कारापुरती पाहतात. त्यांनी ती स्वतः उतरवून पाहावी. एखाद्या घराच्या, विहिरीच्या, बारवेच्या आकृतीत त्या वास्तूचा इतिहास लिहावा. शब्द मोजून लिहावे लागतात आणि आकृती बिघडू द्यायची नसते, त्यामुळे अनावश्यक वाक्य आपोआप गळते. निबंधाच्या तासाला जे वर्षभर सांगूनही साधत नाही ते येथे हाताने साधते.

नाटक हे या सर्वांत प्रभावी, आणि म्हणूनच सर्वांत जोखमीचे साधन. नगरच्या भुईकोट किल्ल्यात 1942 ते 1945 या काळात काँग्रेस कार्यकारिणीचे नेते स्थानबद्ध होते. तेथेच 1944 साली पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. त्यावरून श्याम बेनेगल यांनी केलेली 'भारत एक खोज' ही 53 भागांची मालिका 1988 पासून दूरदर्शनवर झाली. त्या काळी ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी संच होता त्यांच्या ओट्यावर शेजारपाजारची मुले जमत. तीत महात्मा फुल्यांची भूमिका केली ती नगरचेच सदाशिव अमरापूरकर यांनी. नगरच्या कैदेत जन्मलेले पुस्तक नगरच्या कलावंताच्या मुखातून देशभर ऐकले गेले. एवढ्या योगायोगाचाही आपल्या शाळांनी फारसा लाभ घेतला नाही.

शाळेच्या स्नेहसंमेलनातील ऐतिहासिक नाटक बहुधा राज्याभिषेकाचे असते. वेष भाड्याचे, तलवारी पुठ्ठ्याच्या, आणि मुख्य भूमिका देणगीदारांच्या मुलाला. ते असू द्यावे. पण त्याच्या जोडीला असा एक प्रसंग घ्यावा की ज्यात बसलेल्यांपैकी प्रत्येकाच्या घरचे कोणीतरी होते.

तसा प्रसंग म्हणजे 1875 चे दख्खनचे दंगे. या सभेत तो विषय काढणे काहींना अवघड वाटेल. मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे प्रारंभ झाला आणि लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे या भागांत पसरले. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना माणसांचे प्राण नको होते, कर्जरोखे हवे होते. ते मिळाले की होळी करीत आणि परत जात. सावकारांत मारवाडी व गुजर व्यापारी मोठ्या संख्येने होते, आणि आज या सभागृहात बसलेल्या काही घराण्यांचे पूर्वज त्या काळी राजस्थानातून येऊन याच भागात दुकानदारी करीत होते.

हा प्रसंग दोन प्रकारांनी शिकवला जातो. एका प्रकारात सावकार दुष्ट, शेतकरी भोळा. दुसऱ्या प्रकारात विषयच टाळला जातो. दोन्ही प्रकार मुलांवर अन्याय करणारे आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 नंतर कापसाला विलक्षण भाव आला, सावकारांनी मोकळ्या हाताने कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळला. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. सावकाराने हात आखडता घेतला आणि इंग्रजी न्यायालयाने रोख्यावरील अंगठा पाहून हुकूमनामे दिले. पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. इतके दुवे आहेत, आणि प्रत्येक दुव्याला एक पात्र आहे. कुळ, कुळाची बायको, सावकार, त्याचा मुनीम, मामलेदार, न्यायाधीश, आणि दूर मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव ओरडणारा दलाल.

आता भूमिकांची वाटणी अशी करावी की व्यापाऱ्याच्या मुलाने कुळ व्हावे आणि शेतकऱ्याच्या मुलाने सावकार. कुळ झालेला मुलगा न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उमटवतो तेव्हा त्याला जे कळते ते कोणत्याही व्याख्यानाने कळणार नाही. सावकार झालेल्या मुलालाही, वसुली थांबली तर आपले देणे कसे फेडायचे हा घोर पडतो. संवाद शिक्षकांनी लिहून देऊ नयेत. माहिती द्यावी आणि संवाद मुलांनी रचावेत. खेळ झाल्यावर टाळ्या घेऊन पांगू नये, अर्धा तास बसून प्रत्येकाने आपल्या पात्राची बाजू सांगावी. अनेकांतवाद परीक्षेत एका वाक्यात लिहिणारी आपली मुले तो येथे प्रत्यक्ष करून पाहतील. काही पालक हरकत घेतील. त्यांना तालमीला बोलवावे. हरकत बहुतेक वेळा न पाहिल्याने असते.

या नाटकात एक पात्र असे आहे की ज्याला फारसे समजावून सांगावे लागत नाही. पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल, तिचा हिशेब, हंगाम संपल्यावरही अंगावर राहिलेली बाकी, आणि नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजण्याची पद्धत, हे सर्व त्या घरच्या मुलाला पाचवीतच ठाऊक असते. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, वर्षातले निम्मे महिने गैरहजर असणारा हा मुलगा 1875 च्या प्रसंगात एकाएकी सर्वांत जाणकार ठरतो. इतिहासाच्या तासाला त्याच्या अनुभवाची किंमत झालेली त्याने प्रथमच पाहिलेली असते.

त्याच्याच घरात दुसरा न लिहिलेला इतिहास पडून आहे, तो 1972 च्या दुष्काळाचा. तालुक्यातील कित्येक पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते त्या वेळच्या कामांवर झाले. त्या काळात सुरू झालेल्या रोजगार हमीला 1977 साली कायद्याचे रूप मिळाले, आणि पुढे देशभरात तशा कायद्याचा विचार झाला त्याचे मूळ महाराष्ट्राच्या त्या खडी फोडणाऱ्या हातांत आहे. लाल मिलोची भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, गुरे सोडून देण्याची वेळ, यांविषयी आजी-आजोबा अजून सांगतात. बायकांनी त्यावर ओव्या म्हटल्या. जात्यावरच्या ओव्यांचा फार मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी पुणे परिसरातून व अन्य भागांतून जमवला, तेव्हा निरक्षर बायकांच्या मुखी केवढा इतिहास होता ते लोकांना कळले. आपल्या गावांतील जाती बंद झाली, पण म्हणणाऱ्या काही आहेत.

विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन त्यांच्याकडे बसावे. व्यापारी घरांत त्या वर्षाच्या रोजमेळ-खतावण्या माळ्यावर असतील. ज्वारीचा त्या महिन्याचा भाव काय होता, उधारी किती थकली आणि कोणाची सोडून दिली, हे त्यांत मिळेल. आजीने सांगितलेला भाव आणि खतावणीतील भाव जुळतो का, हे मुलांनी पाहावे. जुळला नाही तर का, हेही पाहावे. तलावाच्या भरावाचे चित्र काढावे, लांबी पावलांनी मोजावी. या सर्व साहित्यातून एक तासाचे नाटक उभे राहते, आणि त्याला भाड्याचे वेष लागत नाहीत. आजोबांचे धोतर आणि आजीचे जुने लुगडे घरातच असते.

वेळेचा विचार मात्र काटेकोरपणे करावा लागेल. स्नेहसंमेलने डिसेंबर-जानेवारीत होतात. त्या वेळी ऊसतोडीला गेलेली मुले कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत असतात. म्हणून हे नाटक गणेशोत्सव व पर्युषणाच्या आगेमागे, दसऱ्यापूर्वी बसवावे, म्हणजे टोळ्या निघण्याआधी तीही मुले रंगमंचावर असतील. 1972 साली वीस वर्षांचे असलेले आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. नोंदी या पावसाळ्यातच सुरू व्हाव्यात, प्रत्येक नोंदीवर सांगणाऱ्याचे गाव, वय व दिनांक लिहावा, आणि वह्यांचा एक संच शाळेच्या ग्रंथालयात कपाटाला कुलूप न लावता ठेवावा.